कुकरऐवजी कान

भिवंडीत विनिताबाईंच्या पालिकेच्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागांचा कारखाना होता. वीसेक वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे त्यांनी दुसरीचा वर्ग शिकवला आणि त्या खडखडाटात दोन्ही कान हळूहळू घालवून बसल्या. कोणाला कळू दिलं नाही. पण त्या जूनमध्ये मागच्या अंगणात एक मुलगा पडला, बाईंना हाका मारत राहिला, आणि बाई त्याच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसल्या होत्या. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, तरी पर्यवेक्षक आले.

"दिवाळीनंतर तुम्हाला भांडारात बसवतो, बाई," ते मोठ्यानं, पण मायेनं म्हणाले. "खडू मोजायचे, पाट्या मोजायच्या. आराम पडेल."

बाईंना आराम नको होता, वर्ग हवा होता.

त्या ठाण्याला जाऊन आल्या. श्रवणयंत्राची किंमत दुकानदाराला तीनदा सांगावी लागली, आणि तिसऱ्यांदा ऐकू आली तेव्हा ती ऐकली नसती तर बरं, असं त्यांना वाटलं. मुलगी इंजिनिअरिंगला होती. घरात तेवढे पैसे नव्हते. दुकानदार भला होता. म्हणाला, "एकट्या घ्याल तर हाच भाव. तीस माणसं आणा, कंपनी भिवंडीत येऊन कान तपासेल आणि निम्म्या भावात देईल."

तीस माणसं मिळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे पतसंस्था. भिवंडीची नगरपालिका नुकतीच महानगरपालिका झाली होती, पण कर्मचाऱ्यांची पतसंस्था जुनीच. शिक्षक, सफाई कामगार, पाणीखातं, अग्निशमन दल, सगळे तिचे सभासद. गणपती उठले की तिची वार्षिक सभा भरायची. सभेला लोक यायचे ते शेवटी मिळणाऱ्या भेटवस्तूसाठी, आणि ती उचलून न्यायला घरच्या बायका पिशव्या घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. त्या वर्षी कुकर ठरला होता.

सभेत विनिताबाई बोलायला उठल्या. शेजारी मृणाली बसली होती. त्यांच्याच शाळेतली ही नवी शिक्षिका दुसरं कोणी बोललं की ते बाईंच्या कानात ओरडून सांगायची.

"यंदा कुकर नको," बाई म्हणाल्या. "ते पैसे श्रवणयंत्रांना लावू. उरलेले पगारातून हप्त्यानं कापून घ्या. फक्त तीस जण हवेत."

अध्यक्ष होते केसरीनाथदादा. मूळचे शेजारच्या कोन गावचे. जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं येत होतं, तरी दादा हौसेनं अग्निशमन दलाचा बंब चालवायचे. त्यांचा आवाज असा की माईक लाजावा. तो बाईंनाही ऐकू यायचा.

"मशीनला भैरा मानूस लागतो, बाई! हितं कोन भैरा हाय? हात वर करा!"

बाईंनी हात वर केला आणि वळून पाहिलं. दुसरा हात नव्हता. पाणीखात्यातला अनंता पंख्याकडे बघत होता. दोन वर्षं तो कुठल्याही प्रश्नाला "बरोबर आहे" एवढंच उत्तर देत आला होता. रघू मुकादम वाकून चप्पल तपासत होता.

"एकच?" दादा म्हणाले. "मग आपन वर्गनी काढून बाईंना देऊ. कुकर मंजूर!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गणी! उद्यापासून सगळं गाव त्यांच्याकडे कीव करून बघणार. त्या बसणार, एवढ्यात मृणालीनं त्यांचा दंड धरला. दाराशी दादांची बायको, आक्का, हातातली पिशवी हलवत काहीतरी ओरडत होती.

"खोटं बोलतान समदे, म्हणतायत!" मृणाली बाईंच्या कानात ओरडली. "पयले भैरे तुमीच हाव, असं दादांना म्हणतायत!"

सगळ्यांच्या माना दादांकडे वळल्या. दादांनी शांतपणे शेजारच्या श्रीनाथ सचिवांना विचारलं, "काय बोलते ती?"

मग जे हसू फुटलं ते विनिताबाईंनाही ऐकू आलं. दादाही हसले, आणि सगळे आपल्याकडेच बघतायत हे पाहून थांबले. श्रीनाथांनी त्यांच्या कानाशी लागून भीत भीत सांगितलं.

"कोन बोलतो? बंबाचा भोंगा मना कोन गावावरनं ऐकू येतो!"

"भोंगा येतो, बायको न्हाय येत!" आक्का आता पुढे आली होती. "ह्यांनी टीव्ही लावला का पल्याडच्या आळीत मॅच ऐकतान. पन हसू नका. गेल्या आगीत मानूस वरून हाका मारत व्हता, ह्यांनी शिडी दुसऱ्याच खिडकीला लावली. देवानं राखला त्याला. कुकर मना नको. घरात चार हायेत."

पुढे कोणाला नावं विचारावी लागली नाहीत. अनंताची बायको कमळ ओरडली, "आमचे पण! लिहा!" कोपऱ्यातून कोणी म्हणालं, "रघू मुकादम!" पिशव्या धरलेले हात एकामागून एक वर आले. कुकर ज्यांच्या चुलीवर चढायचा त्यांनीच तो सोडला. झाडूवाल्या चंद्राचं नाव घ्यायला घरी कोणी नव्हतं. तिनं स्वतःच दोन्ही हात वर केले.

दादांनी टेबलावरची वही श्रीनाथांकडे सरकवली. मग म्हणाले, "श्रीनाथ, लिव. पयलं नाव माजं. माज्या कुकरचं पैसं चंद्राला लाव."

तिसाचा आकडा कधीच ओलांडला होता. कंपनीचा माणूस आला, कानात गुलाबी लगदा भरून साचे घेतले. रघू मुकादमाला अशा गुदगुल्या झाल्या की त्याचा साचा दोनदा घ्यावा लागला.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा बाईंच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. पर्यवेक्षक भांडाराचा हुकूम घेऊन वर्गात आले आणि मागच्या बाकावर बसले. विनिताबाईंनी मुलांकडे पाठ केली, फळ्यावर तारीख लिहिता लिहिता म्हणाल्या, "आठाचा पाढा."

माग धडधडत होते. बाप रे, इतके? त्या आवाजाखाली पाढा चालला होता, पण जेमतेम चार-पाच गळ्यांत. बाई वळल्या. सगळ्या वर्गाची तोंडं हलत होती. पहिल्या बाकावरचा भाविक तर डोळे मिटून, मान डोलावून, अगदी मन लावून ओठ हलवत होता.

"भाविक, आवाज कुठाय?"

पाढा बंद पडला. भाविकनं डोळे उघडले.

"बाई, तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही आलं. म्हणून तर विचारतेय."

पर्यवेक्षकांनी हसू दाबलं. हातातला कागद चार घड्या करून खिशात घातला आणि खुणेनंच सांगितलं, चालू द्या.

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी."

मग आठाचा पाढा असा उठला की शेवटापर्यंत पोचायच्या आत खिडकीत कारखान्यातल्या एका कामगाराचं डोकं दिसलं.

"क्या हुआ मॅडम? आग लगी क्या?"

"नहीं, भाई," विनिताबाई म्हणाल्या. "पहाड़ा चल रहा है।" आणि वर्गाकडे वळून त्यांनी नवाचा सुरू करायला सांगितला.