तीन टोचे

“अम्मा, तंबाखू, पोडी, काही नाही ना?” माझ्या डोळ्यावरची पट्टी सोडता सोडता डॉक्टर सौम्यांनी पुन्हा विचारलं.

मी बोलायच्या आधीच आमचे हे हसले. “आमची सीतालक्ष्मी? छे! दुसरी कॉफीसुद्धा मागत नाही ती.”

ऑपरेशनच्या आधीही असंच झालं होतं. हे हसले आणि मी नकाराची मान हलवली. तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलेली बाई पोडी, म्हणजे तपकीर, ओढते, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं?

खालच्या पापणीवरची गाठ कॅन्सरची निघाली. पापणी कापली आणि गालाची कातडी वर सरकवून नवी केली. एका बाजूने ती गालाला जोडलेलीच आहे. तिकडून येईल तेवढ्याच रक्तावर तिने जगायचं. तंबाखूने नसा आवळतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पापणी मेली तर डोळा मिटणार नाही, वाळून जाईल. एवढं कळूनही काल न्हाणीघरात मी चिमूटभर ओढलीच. माझ्यासारखी मूर्ख मीच.

“कोपरा काळा दिसतोय.” डॉक्टरांनी बारीक सुई उचलली. “टोचून बघते. लाल रक्त आलं, तर जिवंत.”

कमरेला खोचलेली पोडीची डबी काढून मी ट्रेमध्ये कात्रीशेजारी ठेवली. “मी पोडी घेते, डॉक्टर. कालही घेतली.”

ह्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. “कधीपासनं?”

“अंबा झाली तेव्हापासनं.”

आमच्या अंबाला यंदा चाळिसावं लागलं.

पापणी बधिर होती. दुसऱ्या डोळ्याने मी डॉक्टरांचा चेहरा बघत राहिले. पहिला टोचा. “लाल.” दुसरा. “लाल.” तिसरा कोपऱ्यात. त्यांनी दिवा जवळ ओढला.

“थेंब आला, पण काळसर,” त्या शेवटी म्हणाल्या. “कोपरा वाचेल, असं आज सांगत नाही. शुक्रवारी बघू. पोडी बंद.”

डबी तिथेच राहिली. परतताना ऑटोत, राजवाड्याच्या वळणावर माझा अंगठा आणि बोट आपोआप जुळले, रिकामेच. ह्यांनी ते पाहिलं. रस्त्यात कधी माझा हात न धरलेल्या माणसाने ती दोन बोटं मुठीत घेतली आणि घर येईपर्यंत सोडली नाहीत.