गुरुजी मारत नाहीत

त्या साली गावानं गुरुजींची बदली मागणारा अर्ज लिहिला. गुन्हा एकच. गुरुजी पोरांना मारत नाहीत.

पन्हाळ्याच्या पायथ्याचं हे गाव. जून महिन्यात शाळा भरली की आईबापांनी निरगुडीचा ओला फोक कापायचा, सोलून गुळगुळीत करायचा आणि मास्तरांना नेऊन द्यायचा, ही इथली रीत. आपल्याच लेकराला बडवायचं हत्यार आपणच द्यायचं, वर पाया पडायचं! जुन्या मास्तरांनी बावीस वर्षं ते फोक पोरांच्या अंगावर मोडले. गावातली धोंडुबाई त्या मारानंच दुसरीतून उठली ती शेणात गेली. तरी मास्तरांना ती अजून देवमाणूस म्हणायची.

नवे यज्ञेश्वर गुरुजी जयसिंगपूरचे. त्यांनी सगळे फोक घेतले आणि शाळेमागच्या वांग्यांना कुंपण केलं. गाव खवळलं.

"मारत न्हाय म्हंजे शिकवत न्हाय. फुकट पगार खातंय," पंच आकाराम म्हणाला. त्यानं पन्हाळ्याहून अर्ज लिहवून आणला, चाळीस अंगठे घेतले. धोंडुबाईचा तेवढा राहिला. तिची लेक बाळा तिसरीत. नवा मास्तर खरंच बिनकामाचा असेल, तर पोरीला म्हशीमागं लावलेली काय वाईट?

सकाळी डेअरीला दूध घालून ती शाळेच्या खिडकीशी उभी राहिली. गुरुजींनी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. बाळा ताडकन उठली.

"गुरुजी, चुकलं तुमचं. छप्पन!"

खिडकीबाहेर धोंडुबाईनं खांदे आक्रसून घेतले. आता पडणार!

"अगं, खरंच की! ये, पूस आणि लिही."

पोरगी हसत फळ्याकडं गेली. मास्तरांसमोर हसणारं पोर धोंडुबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात आकारामनं धोंडुबाईपुढं कागद केला. "लाव अंगठा, मावशी."

"आदी वाच की. काय लिवलंय कळू दे."

"सद... सदर शि..." आकाराम अडखळला. सातवी पास, जुन्या मास्तरांचा लाडका.

आईशेजारी उभ्या बाळानं कागद ओढून घेतला आणि न थांबता वाचला. "सदर शिक्षक मुलांना मारत नसल्यामुळे मुले काहीच शिकली नाहीत."

देवळात खसखस पिकली. गुंडू तात्या ओरडला, "आकारामा, ह्या पोरीकडं शिकवणी लाव की रं!"

आकाराम हसला नाही. "चार माणसांत वाचाय लागलो की अजून हात घामानं भिजत्यात, तात्या. फोक डोळ्यापुढं येतोय," तो हळूच म्हणाला.

मग कुणालाच हसू आलं नाही.

"माझा अंगठा मिळायचा न्हाय," धोंडुबाई म्हणाली. "बाळा शिकणार, ह्याच गुरुजींच्या हाताखाली. कुणाला काय करायचं त्ये करा!"

"माझाबी अंगठा खोडा," मागून तानाबाई म्हणाली. आणखी दोघी उठल्या.

आकारामनं कागद परत घेऊन घडी केली, पण खिशात घातली नाही. बाळाजवळ बसून ती पुन्हा उलगडत तो म्हणाला, "पैली वळ परत वाच गं. सावकाश."