शफीकमामूचा त्र्याण्णवचा डॉलर

चांदीच्या जुन्या डॉलरला सत्तरपैकी मार्क देतात. शंभरपैकी का नाही, असं मी नॉरबर्ट अंकलना विचारलं, तर म्हणाले, तू पेपर तपासायला शिक, बोर्ड चालवू नकोस.

अंकल मूळचे वसईचे, इथे दोह्यात एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये. नाणी जमवणं हा त्यांचा छंद. दर शुक्रवारी मी नजमा भागातल्या माझ्या रूमवरून बसने त्यांच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर जायचो आणि भिंगातून एका अमेरिकन बाईच्या गालाकडे दोन तास बघायचो. या डॉलरवर पुढे बाईचा चेहरा असतो, मागे गरुड. झीज आधी दिसते ती बाईच्या कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर. केस सुटे दिसले तर मार्क वर, सपाट झाले तर खाली. महिन्याभरात माझी नजर इतकी बिघडली की रूममधल्या मजीदभाईंना मी मनातल्या मनात बारा देऊन टाकले. केस सपाट, छाती पार गेलेली.

हे सगळं चाललं होतं शफीकमामूसाठी. मामू बिरकत अल अवामेरच्या लेबर कॅम्पमध्ये फोरमन, कतारात सव्वीस वर्षं. त्यांचे आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांनी कधीतरी अमेरिकेहून आणलेले अकरा डॉलर हर्णैच्या घरी कपाटात पडून होते. मुनीरामामीने त्यांचे फोटो पाठवले. दहा अगदी साधे निघाले. अकरावा १८९३चा, आणि गरुडाच्या खाली बारीक ‘एस’. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला, आणि त्या वर्षी तिथे डॉलर फारच थोडे पाडले होते. अंकलनी फोटो मोठा केला, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पाणी मागितलं.

मी चाळीस मार्क दिले. अंकलनीही चाळीसच दिले. शाळेत मला चाळीस पडले की घरी जेवण मिळायचं नाही. या डॉलरला चाळीस म्हणजे साधारण सात लाख रुपये.

ते ऐकून मामूने रविवारी राजीनामा दिला.

आम्हाला विचारलं नाही, सांगितलं. सात लाखांत सेकंडहँड टेम्पो घेणार, बंदरावरून दापोलीला मासळी नेणार, आणि जेवायला घरी. अंकल म्हणाले, अरे, नाणं अजून हातात आलेलं नाही. मामू म्हणाले, इन्शाल्ला येईल. एवढंच बरं की ऑफिसने गुरुवारी पाच वाजेपर्यंत राजीनामा मागे घ्यायची मुभा ठेवली होती. मामीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला चकित करायचं होतं. तिला फक्त सांगितलं, डॉलर नीट पाठव.

नीट म्हणजे काय, ते कळवायचं काम माझं. साफ केलेल्या नाण्याची किंमत उतरते, म्हणून मी मामीला लिहून पाठवलं: धुवू नका, पुसू नका, राखेने घासू नका, टूथपेस्ट लावू नका, लिंबू नको, चिंच नको, एकावर एक ठेवू नका. अशा एकूण चौदा सूचना. मामीने प्रत्येकीला वेगळा अंगठा पाठवला.

गुरुवारी तीन वाजता गावचा हारिस सुट्टीवरून परतला आणि नजमाच्या कॅफेटेरियात पुडकं देऊन गेला. मामू हाफ डे टाकून आले होते. अंकलनी हातमोजे घातले.

प्रत्येक डॉलर वेगळ्या पिशवीत होता. शंभर वर्षांचा काळपटपणा जसाच्या तसा. कुठे बोटाचा ठसासुद्धा नाही. अंकल म्हणाले, या बाईला म्युझियममध्ये नोकरी द्यायला हवी. मग त्यांनी अकरावा उचलला, भिंग लावलं आणि तसेच राहिले.

“फुजैल,” ते म्हणाले, “हिच्या गालावर काय लिहिलंय?”

गालावर मराठीत लिहिलं होतं. भांड्याच्या दुकानातल्या नाव घालायच्या मशीनने, बारीक ठिपक्या-ठिपक्यांत: श. मुकादम, हर्णै. हर्णै थेट केसांत घुसलं होतं. उलटून पाहिलं, तर गरुडाच्या छातीवर: नग ११.

मी दुसरी पिशवी उघडली. नग ४. पुढची उघडायचा धीर झाला नाही. मामू नाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. चौदा सूचनांत ‘कोरू नका’ नव्हतं. मी लहानपणापासून वडिलांचं नाव घातलेल्या पेल्यातून पाणी पीत आलो, आमच्या घरात झाऱ्यावरसुद्धा नाव आहे, आणि तरी मला सुचलं नाही.

अंकलनी नवी किंमत सांगितली: लाखभर. तीही गिऱ्हाईक मुकादम असला तर.

पावणेचार वाजता मामूने फोन लावला, स्पीकरवर. मामीनेच आधी विचारलं, नाव नीट आलंय ना? हारिसच्या बॅगेत अर्ध्या गावाचं सामान. मागच्या खेपेला आपलं कोळंबीचं लोणचं भलत्याच घरी गेलं, आणि ते कबूलही करेनात. म्हणून नाव घातलं. नगाला दहा रुपये, अकरावा फुकट.

मामूने तिला हळूहळू सगळं सांगितलं. सात लाख हा आकडा दोनदा सांगावा लागला. मग मी नेटवर्क तपासलं; ते फुल होतं.

“एवढ्या पैशांचं काय करणार होतात?” मामीने विचारलं.

“घरी येणार होतो. कायमचा.”

“मग त्याला डॉलर कशाला हवेत? मी काय दारात तिकीट फाडते?”

मामी म्हणाली, भात करपतोय, आणि फोन ठेवला.

मी दरम्यान राजीनामा मागे घेण्याचा मेल टाइप करून ठेवला होता. ‘कौटुंबिक गैरसमजामुळे’ असं कारण दिलं होतं. चार चाळीसला मी मामूला दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, स्पेलिंगची एक चूक काढली. मी चूक सुधारली. विचारलं, पाठवू?

मामूने माझा फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. तीन कडक चहा सांगितले. अंकल घड्याळाकडे बघत राहिले, मी मामूकडे. सव्वीस वर्षं या माणसाने लेबर बससुद्धा चुकवलेली नव्हती.

चहा आला, निवत गेला. शेवटी मामूने विचारलं, “वाजले पाच?”

“दोन मिनिटं झाली.”

“खलास,” मामू म्हणाले. आणि तेव्हा, एसीच्या थेट खाली बसलेले असून, त्यांना दरदरून घाम फुटला.