नदीकाठची पट्टी

"पाटी? कसली पाटी?" वाल्माने हातातला कप खाली ठेवला.

"त्यांच्या नावाची गं, मावशी." एका गोऱ्या धनिकाचं पत्र वाचता वाचता क्लेटन थांबला. तो तिचा भाचा आणि इथल्या मूळ लोकांच्या समितीचा अध्यक्ष. "वळणावरची सगळी जमीन घ्यायला कमी पडणारे पैसे ते एकटे देतायत. फक्त फाटकावर त्यांचं नाव, आणि समितीत एक खुर्ची."

सभागृहात समितीची बैठक चालू होती. गोऱ्या वस्तीतली बरीच माणसं समितीला दरमहा आपखुशीने 'भाडं' पाठवायची. कुणी नर्स, कुणी बसड्रायव्हर. ही जमीन इथल्या मूळ लोकांनी कधी विकलीच नव्हती, मग तिच्यावर राहतो त्याचं भाडं तरी द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याचं काय करायचं, हे समितीने ठरवायचं. आता नदीच्या वळणावरचं कुरण विकायला निघालं होतं. वाल्माची आई तिथेच जन्मली होती. वाल्माने ते उभ्या जन्मात फक्त रस्त्यावरून, तारेच्या कुंपणाआडून पाहिलं होतं.

वाल्माने एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. समितीच्या बैठकीत ती केक कापायची, कप विसळायची. बोलायची क्वचितच.

"नाही म्हणून कळव," ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? असा माणूस पुन्हा मिळायचा नाही!"

"भाडंच देतायत ना? मग भाडेकरू घरमालकाच्या दारावर स्वतःची पाटी ठोकतो का रे?"

"वर घरात खुर्चीही मागतो!" म्हातारे अर्नीकाका फिसकन हसले. हसता हसताच त्यांनी हात वर केला. मग एकेक करत बाकीचेही हात वर गेले. क्लेटनने नकार लिहिला, पण मावशीकडे न बघता.

पुढचे काही दिवस वाल्माला अन्न गोड लागेना. आईची जमीन आपण एका वाक्यात घालवली, हे मनातून जाईना. घडलंही तसंच. बहुतेक कुरण शेजारच्या गुरंवाल्याने, डग्लसने घेतलं. समितीच्या पैशात आली ती नदीलगतची चिंचोळी पट्टी.

कागदपत्रं झाल्यावर क्लेटन तिला घेऊन गेला. फाटकाशी तिचे पाय अडखळले.

"चल ना. आपलंच आहे."

वाळक्या गवतातून ते नदीकडे उतरले आणि वाल्मा जागीच थबकली. समोर लाल गमचं, निलगिरीच्या जातीचं झाड उभं होतं. चार माणसांच्या कवेत न मावणारं. खोडावर दोन पुरुष उंचीची लांबट खूण होती. पूर्वी होडी सालीचीच करत; तिच्यासाठी कुणीतरी तिथली साल अख्खी सोलून काढली होती. कडेची साल ओठासारखी जाड होऊन आत वळली होती. एवढं अंगावरचं काढून दिलं, तरी झाड वाढतच राहिलं होतं.

"आई सांगायची, ते हेच," ती कुजबुजली. "मला वाटायचं, आम्हाला झोपवायला रचून सांगते."

तिने त्या खुणेत तळवा टेकवला. लाकूड उन्हाने कोमट झालं होतं. होडी नेणारा कोण होता, तिच्या आजीचा आजोबा की त्याच्याही आधीचा कुणी? तिला एकदम आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्या वाटण्याने बरंही वाटलं. क्लेटनने डोक्यावरची टोपी काढली होती. 

"मावशी," तो म्हणाला, "इथे पाटी..." पुढचं त्याने गिळलं. वाल्माने त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. डग्लस उतरला, फाटकापर्यंत आला आणि बाहेरच उभा राहिला.

"माझं एक वासरू तुमच्या बाजूला आलंय," तो ओरडून म्हणाला. "आत येऊ का?"

वाल्माने क्लेटनकडे पाहिलं. क्लेटन तिच्याकडेच बघत होता. मग तिच्या ध्यानात आलं, प्रश्न तिला विचारला होता.

"ये की," ती म्हणाली. "आणि फाटक लावून घे."