हाडं ओळखणारी मुलगी

रविवारी सकाळी धारच्या घरात नाना पोह्यांवर शेव पेरत होते आणि त्यांची मुलगी विद्युल्लता त्यांना हाडाविषयी सांगत होती. देवासजवळच्या एका मेडिकल कॉलेजात ती शरीररचनाशास्त्रात पीएच.डी. करत होती, हाडांच्या आत राहणाऱ्या पेशी हा तिचा विषय. सुट्टीला घरी आली की नाना पहिल्यांदा विचारत, "काय म्हणतात तुझ्या पेशी?" जणू तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीच.

"हाड म्हणजे काही दगड नाही, नाना. आत पेशी असतात, प्रत्येकीची वेगळी खोली. भिंतीतून बारीक हात काढून एकमेकींना धरून बसतात. जुनं मोडायचं, नवं घालायचं, हे सारखं चालूच. दहाएक वर्षांत जवळजवळ अख्खा सांगाडा नवा होतो."

नानांचा चमचा थांबला. "म्हणजे मी आतापर्यंत सात सांगाडे वापरले! मग गुडघा तोच जुना का गं दुखतो?"

"कारण तुम्ही दाखवायला जात नाही."

"झालं. अजून डॉक्टर व्हायचीय, तोवर रागवायला शिकली."

दुपारी ते तिला बसपर्यंत सोडायला आले. पोचल्यावर तिने फोन केला, त्यांनी "बरं बरं, जेव आता" म्हणून ठेवून दिला.

सोमवारी ती सूक्ष्मदर्शकाशी बसली असताना मननचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला. तो पीथमपूरच्या कारखान्यातून घरी निघालेला होता. "विदू, नाना गेले." रामाच्या देवळात नैवेद्य दाखवून नाना खांबाला टेकून बसले होते, ते उठलेच नाहीत.

संध्याकाळी मननने अग्नी दिला. विद्युल्लता त्याआधी पोचली होती; तिने दर्शन घेतलं आणि घरातल्या बायकांबरोबर मागे राहिली.

अस्थी गोळा करायच्या दिवशी मात्र ती सकाळीच ओसरीवर येऊन उभी राहिली. "मीही येते."

नानांचे धाकटे भाऊ अप्पाकाका तांब्यात दूध ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "आपल्याकडे बायका जात नाहीत."

"काका, मला माझ्या हातानं उचलायचंय त्यांना."

"कॉलेजात उचलतेस तेवढं पुरे नाही का? तुला काय, रोजचंच."

हे तिला लागलं, कारण हीच तिची धास्ती होती. आपली सरावलेली नजर नानांकडेही नमुना म्हणूनच पाहील की काय? पण त्याहून मोठी धास्ती दुसरी होती. ती गेली नाही, तर मनन हाताला येईल ते मडक्यात भरेल आणि नाना नर्मदेत जातील ते अर्धेमुर्धे.

"काका, सच बोलू?" मनन म्हणाला. "कोळसा कुठला नि हाड कुठलं, मला नाही कळणार. विदू नाही आली तर मीपण नाही जात."

"धमकी देतोस?"

"हो, समजा."

"दादानं लाडावून ठेवलंय दोघांना," अप्पाकाका पुटपुटले. "ती पेटी घरात आली, तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं..."

पेटी सगळ्यांनाच आठवली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी विद्युल्लता हिवाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातून अभ्यासासाठी हाडांची पेटी घेऊन आली होती. खरी, माणसाची हाडं. आणि घर पुजाऱ्याचं. देवळात कुजबूज झाली, अप्पाकाका तर चार दिवस पाणी प्यायलासुद्धा आले नाहीत. नानांनी पेटी मागच्या खोलीत पाटावर ठेवली, जमिनीवर ठेवू दिली नाही. रोज दुपारी ते विद्युल्लतेसमोर बसत. ती डोळे मिटून घेई, ते एकेक हाड तिच्या हातात देत आणि ती नुसत्या स्पर्शानं नाव सांगे. तोंडी परीक्षेला तसंच विचारतात. मग दिवेलागणीआधी, त्या थंडीत, ते विहिरीच्या पाण्यानं पुन्हा डोक्यावरून अंघोळ करत आणि आरतीला जात. हाडाला हात लावून देवाला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि मुलीचा अभ्यास अडू द्यायचा नाही, हाही त्यांचाच. बादलीचा आवाज तिला खोलीत ऐकू येई. पुस्तकात डोकं घालून ती तो ऐके. त्या घरात आभार मानायची रीत नव्हती. कुणी मानले असते तर सगळेच अवघडले असते.

अप्पाकाकांनी तांब्या उचलला. "पदर नीट खोच," ते म्हणाले. "निखारे असतात अजून आत."

स्मशानात उमाशंकर गुरुजींनी राखेवर दूध-पाणी शिंपडलं. "पाँव से शुरू करो बेटी, सिर तक. अंगठा आणि अनामिकेनं. मडक्यात आवाज नाही झाला पाहिजे."

ती खाली बसली. टाच मिळाली, घोटा मिळाला. बोटांनी ओळखलं आणि छातीतली धास्ती हळूहळू उतरली. हे कुणा एका माणसाचं नव्हतं, नानांचं होतं. आणि नानांचं काय काय आहे ते तिला कळत होतं.

"हे?" मनन हळूच विचारी.

"मनगटातलं."

"एवढंसं?"

"याच्याच जोरावर घंटा वाजवायचे."

"आणि हे?"

"हा कोळसा."

मननला हसू आलं आणि रडूही. "सॉरी, नाना."

अप्पाकाका इतका वेळ लांब उभे होते. आता तेही वाकले. "आणि हे कुठलं गं?"

"कानामागचं, काका."

त्यांनी तो तुकडा तिच्याकडून घेतला, तळहातावर धरून पाहिला आणि आवाज होऊ न देता मडक्यात ठेवला.

गुरुजी मडक्याला कापड बांधू लागले. विद्युल्लतेनं त्यांना थांबवलं. तिनं दोन्ही हात मडक्याला लावले आणि काकांना, मननला, गुरुजींना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"नाना, बोलणी तुम्ही खाल्लीत आणि पास मी झाले. मला सगळं माहीत होतं. बादलीचा आवाज रोज ऐकू यायचा. तुमच्यामुळे झालं हे सगळं, नाना. तुमच्यामुळे."