मागचा डबा

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी डिचोलीच्या जत्रेत रुळांवरून चढउतार करत धावणारी गाडी आली. म्हापशाला मी तिच्यात चारदा बसले होते. माझं मत ठाम होतं: आकाशपाळण्यात नुसती हवा खायची; या गाडीच्या पुढच्या डब्यात उतार आधीच दिसतो; खरी मजा मागच्या डब्यात, तिथे जीव वर राहतो नि अंग खाली जातं.

“वयनी, मागलो डबो रिकामो आसा, धाव गे!” नणंद शेवंती ओरडली.

मी पाऊल उचललंही. पण मला दिवस गेले होते. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, म्हणून या वेळी घरात सांगितलं नव्हतं.

“नको. या गाडीत दम नाही.”

“भियेलंस? तू?” ती हसली.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. “माझे पाय दुखतत. ती माझ्याकडे बसतली, तू जा,” म्हणत त्यांनी हात धरून मला बाकावर ओढलं.

गाडी सुटली. प्रत्येक उताराला माझ्या टाचा मातीत रुतत होत्या.

“म्हयनो कितवो?” गाडीकडे बघतच त्यांनी विचारलं.

“दुसरो.”

“मगे तिसरो सरेपर्यंत शेवंतीक सांगू नको,” त्या म्हणाल्या. माझा हात मात्र सोडला नाही.