मधलं आभाळ

२००५ सालच्या दिवाळीनंतर सुरगाण्याच्या पुढल्या एका पाड्यावर फोन आला. खांब नाही, तार नाही. चिमणाबाईच्या अंगणात छत्रीसारखी एक डिश बसवली, ती तोंड वर करून आभाळाकडे बघत राहिली.

रोशनीचा नवरा धनराज तेव्हा पिंपळगावला द्राक्षबागेवर कामाला गेला होता. रविवारी दुपारी तो तिथल्या एसटीडी बूथवर येऊन थांबे, रोशनी इकडून फोन लावी. लग्नानंतरची त्यांची ही पहिलीच ताटातूट.

"माझी याद येते?" पहिल्याच रविवारी तिनं विचारलं.

पलीकडे काहीच नाही. मग, "येते ना."

असा अडखळणारा धनराज तिला ठाऊक नव्हता. काहीतरी लपवतोय, असं तिच्या मनानं घेतलं. दोन रविवार ती फोनकडे फिरकलीच नाही.

तिसऱ्या रविवारी त्यानंच फोन केला. चिमणाबाईनं हाक मारली, म्हणून ती घुश्शातच गेली.

"शेळी व्याली," ती म्हणाली.

तो थांबला. "किती पिल्लं?"

"दोन. पाऊस हाय का तिकडं?"

पुन्हा थांबला. "नाय."

रोशनी चपापली. शेळीला जेवढा वेळ, तेवढाच पावसाला, आणि तिच्या आठवणीलाही तेवढाच लागला होता.

त्याच आठवड्यात नाशिकहून संतोष नावाचा मेकॅनिक छत्री बघायला आला. फोनवर उत्तर यायला वेळ का लागतो, तिनं त्याला विचारलं. त्यानं बोट वर केलं. "छत्तीस हजार किलोमीटरवर उपग्रह आहे, ताई. तुमचा शब्द उजेडाच्या वेगानं तिथं जातो, मग खाली. उत्तरही त्याच वाटेनं. उजेडालासुद्धा वेळ लागतोच. सगळा मिळून अर्धा सेकंद."

"मंग हे ऊन?"

"आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेलं."

तो गेल्यावर रोशनी पाणी घेऊन आली आणि वाळत घातलेल्या नागलीपाशी बसली. तळहातावर ऊन होतं. हे निघालं तेव्हा आपण विहिरीवर होतो, तिच्या मनात आलं. एवढ्या लांबून आलेलं, पण किती ऊबदार.

रविवारी तिनं सांगून टाकलं, "मला दिवस गेलेत."

आभाळाचा अर्धा सेकंद सरला. तो आता तिच्या अंगवळणी पडला होता. पण पलीकडची शांतता संपेना. ही त्याची स्वतःची होती. मागं कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजला, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"रोशनी, उद्या निघतो मी."

"काम टाकून नको येऊ," ती म्हणाली, आणि शब्द वर पोचायच्या आतच तिला वाटलं, परत बोलवावेत.

तो मंगळवारी जीपमधून उतरला. चार दिवस राहिला, आणि जाताना तिलाही बरोबर घेऊन निघाला. चिमणाबाईनं वाटेसाठी नागलीच्या भाकरी बांधून दिल्या.